बेरोजगारीचा दर वाचताना छेद विसरू नका



मागच्या महिन्यात आमच्या शाळेत पालकसभा झाली. गणवेश, पोषण आहार, वाचन चाचणी असे नेहमीचे विषय झाले. सभा संपली, सगळे पांगले, पण पाचवीतल्या एका मुलीचे वडील मागे थांबले. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यावर एक मेसेज होता : भारतात बेरोजगारी ३.२ टक्के, जर्मनीत ३.४ टक्के, म्हणजे आपण जर्मनीच्याही पुढे.

"मॅडम, हे खरं हाय का?"

मी म्हटलं, "आकडे खरे आहेत दादा."

"मग जर्मनीवाले आपल्या पोरांना तिकडं बोलावत्यात कशाला? आणि माझा थोरला बीएस्सी होऊन तीन वर्षं घरी का बसलाय?"

आता यावर मी काय बोलणार? जर्मनीचा विषय आमच्याकडे नवा नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून गावोगावी जर्मन भाषेची चर्चा आहे. पण दोन्ही देशांचा आकडा जवळजवळ सारखा आणि परिस्थिती इतकी वेगळी, हे कसं, याचं उत्तर मला त्या क्षणी देता आलं नाही. "वाचून सांगते दादा," एवढंच म्हणाले.

मी अर्थशास्त्राची पदवीधर नाही. डीएड करून प्राथमिकला शिकवते. पण पाचवीला अपूर्णांक आणि शेकडेवारी रोज शिकवते. वाचत गेले तसं लक्षात आलं की या प्रश्नाची किल्ली पाचवीच्या गणितातच आहे. आपण मुलांना सांगतो ना, "नुसता अंश बघू नका, छेद बघा"? तेच आपण मोठी माणसं विसरतो. हा लेख त्यासाठीच.

बेरोजगार म्हणजे नक्की कोण?

आपल्या बोलण्यात ज्याला नोकरी नाही तो बेरोजगार. सर्वेक्षणात तसं नसतं. जगभरातले बहुतेक देश आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची व्याख्या वापरतात. ही संघटना १९१९ साली स्थापन झाली, तिचं मुख्यालय जिनिव्हाला आहे. तिच्या व्याख्येनुसार बेरोजगार ठरायला तीन अटी आहेत. एक, हाताला काम नाही. दोन, काम शोधण्यासाठी प्रत्यक्ष काही प्रयत्न केले आहेत. तीन, काम मिळालं तर लगेच करायची तयारी आहे. तिन्ही अटी पूर्ण झाल्या तरच तो माणूस बेरोजगार.

म्हणून देशातली मोठी माणसं तीन डब्यांत विभागली जातात. पहिल्या डब्यात काम करणारे. दुसऱ्यात काम शोधणारे, म्हणजे बेरोजगार. तिसऱ्यात बाकीचे सगळे : शिकणारे, घर सांभाळणारे, निवृत्त, आजारी, आणि शोधून शोधून थकलेलेसुद्धा. पहिले दोन डबे मिळून होते ती श्रमशक्ती.

बेरोजगारीचा दर काढताना अंशात दुसरा डबा आणि छेदात पहिला अधिक दुसरा. तिसरा डबा अंशातही नाही आणि छेदातही नाही. सगळी गंमत इथंच आहे.

मी फळ्यावर मांडते तसं मांडून दाखवते. समजा एका वाडीत १०० मोठी माणसं आहेत. ५८ जण काम करतात, २ जण काम शोधतात, ४० जण श्रमशक्तीबाहेर. श्रमशक्ती झाली ६०. बेरोजगारी २ भागिले ६०, म्हणजे सुमारे ३.३ टक्के.

आता ते दोघे कंटाळले आणि शोधायचं सोडून घरी बसले. एकाही माणसाला नवीन काम मिळालं नाही, पण बेरोजगारी झाली शून्य टक्के!

उलटं बघा. तालुक्याला एक कारखाना येणार अशी बातमी आली. घरी असलेल्या १० बायकांनी हिंमत करून अर्ज केले. आता काम शोधणारे १२, श्रमशक्ती ७०. बेरोजगारी १७ टक्क्यांच्या वर गेली. वाडीचं वाटोळं झालं का? नाही. दहा घरांत आशा निर्माण झाली.

हे आकडे माझ्या मनातले आहेत, पण नियम खरा आहे. नुसता दर कमी झाला म्हणून आनंद मानायचा नाही, नुसता वाढला म्हणून घाबरायचं नाही. तिसऱ्या डब्यात काय झालं ते आधी विचारायचं.

आठवड्यातून एक तास

पहिल्या डब्यात कोण जातं? आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, आठवड्याभरात मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी किमान एक तास काम केलं की माणूस रोजगारात धरला जातो. हो, एक तास! यावरून आपल्याकडे खूप मेसेज फिरतात की ही सरकारची चलाखी आहे. तसं नाही. हा नियम जगभर वापरला जातो. थोडंसं काम करणाराही मोजणीतून सुटू नये, हा त्यामागचा विचार. श्रीमंत देशात तो फारसा त्रास देत नाही, कारण तिथं बहुतेक माणसं ठरलेल्या तासांच्या पगारी नोकरीत असतात. आपल्यासारख्या देशात मात्र याच नियमामुळे चित्र पार बदलतं.

माझंच उदाहरण देते. मी २०११ साली डीएड झाले. त्यानंतर काही वर्षं मोठी शिक्षक भरती झालीच नाही. २०१३ च्या डिसेंबरमध्ये राज्यात पहिली टीईटी झाली, ती पास झाले. २०१७ च्या डिसेंबरमध्ये अभियोग्यता चाचणी दिली. मग पवित्र पोर्टल आलं आणि २०१९ साली मला शिक्षण सेवक म्हणून नेमणूक मिळाली. महिना सहा हजार मानधन. मधली आठ वर्षं मी काय करत होते? एका खासगी शाळेत दोन वर्षं महिना अडीच हजारावर शिकवलं, तेही पगार कधी दोन-दोन महिने थकायचा. संध्याकाळी बारा मुलांची शिकवणी घेतली. कांदा काढणीला घरच्यांबरोबर शेतात गेले. माझ्या लेखी मी आठ वर्षं बेरोजगार होते. नातेवाईक विचारायचे, "अजून काही लागलं नाही का गं?" आणि मी मान खाली घालायचे.

पण त्या आठ वर्षांत सर्वेक्षणवाले माझ्या दारात आले असते, तर जवळजवळ प्रत्येक वेळी त्यांनी मला रोजगारात धरलं असतं. नियमाप्रमाणे ते बरोबरच ठरलं असतं. माझ्या बॅचमधली एक मैत्रीण भावाच्या किराणा दुकानात बसायची, बिनपगारी. तीही रोजगारात. आम्ही दोघी देशाच्या बेरोजगारीच्या दरात कुठंच नव्हतो.

एकाच देशाचे दोन आकडे

देशादेशांची तुलना करण्याआधी हे बघा की एकाच देशाचे दोन-दोन आकडे असतात.

जर्मनीचा ३.४ टक्के हा २०२४ चा आकडा आंतरराष्ट्रीय व्याख्येचा आहे. पण जर्मनीच्या रोजगार कार्यालयात ज्यांची बेरोजगार म्हणून नोंद आहे त्यांचा दर त्याच वर्षी सुमारे ६ टक्के होता. कारण काय? तिथल्या कायद्यानुसार आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम करणारा माणूसही बेरोजगार म्हणून नोंद ठेवू शकतो. आंतरराष्ट्रीय व्याख्येत तोच माणूस रोजगारात जातो. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये उलटं आहे. २०२३ साली तिथली कार्यालयातली नोंद सुमारे २ टक्के, तर सर्वेक्षणातला दर सुमारे ४ टक्के. कारण काम शोधणारा प्रत्येक जण कार्यालयात नाव नोंदवत नाही.

चीनचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. जून २०२३ मध्ये तिथल्या शहरी भागातल्या १६ ते २४ वयाच्या तरुणांची बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली. त्यानंतर सरकारने हा आकडा प्रसिद्ध करणंच थांबवलं. काही महिन्यांनी नवीन पद्धतीने आकडा आला, त्यात शिकणाऱ्या मुलांना वगळलं होतं. डिसेंबर २०२३ चा दर आला १४.९ टक्के. जूनचा आणि डिसेंबरचा आकडा शेजारी ठेवून "सहा टक्क्यांनी घटली" असं म्हणणं म्हणजे सहामाहीचा पेपर १०० गुणांचा आणि वार्षिक ८० गुणांचा असताना नुसत्या गुणांची तुलना करण्यासारखं आहे.

आपल्या देशाचेही दोन आकडे आहेत. भारतात २०१७ पासून राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय श्रमशक्तीचं नियमित सर्वेक्षण करतं. त्याला पीएलएफएस म्हणतात. जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाचा ३.२ टक्के हा आकडा त्यातलाच, १५ वर्षांवरच्या लोकांचा. पण तो "नेहमीच्या स्थिती"चा आहे. म्हणजे मागच्या पूर्ण वर्षाचा विचार करून. वर्षातला जास्तीत जास्त काळ माणूस काम शोधत असला, पण मध्ये ३० दिवस किंवा जास्त काही काम केलेलं असलं, तरी तो रोजगारात धरला जातो. त्याच सर्वेक्षणात मागच्या सात दिवसांवर काढलेला दुसरा दर आहे. तो त्याच वर्षी ४.९ टक्के होता. जर्मनीसह बहुतेक देश आठवड्याचाच हिशोब करतात. म्हणजे जर्मनीच्या ३.४ शेजारी ठेवायचाच असेल तर आपला ४.९ ठेवायला हवा. मेसेजमधले दोन्ही आकडे खरे होते, पण एक वर्षाचा होता आणि एक आठवड्याचा.

कमी आकडा म्हणजे सुखी देश?

आता जगाचा नकाशा उघडू. वर्गात मी हा प्रश्न विचारला होता, "बेरोजगारी सगळ्यात कमी कुठे असेल?" मुलं म्हणाली, अमेरिका, जपान. जपानमध्ये खरंच कमी आहे, २.५ टक्क्यांच्या आसपास. पण आफ्रिकेतला नायजर नावाचा देश आहे, जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एक. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार तिथली बेरोजगारी एक टक्क्याहूनही कमी आहे! म्हणजे जपानपेक्षा कमी.

कारण सरळ आहे. नायजरमधली बहुतेक माणसं शेती आणि पशुपालनावर जगतात. तिथं बेकारी भत्ता नाही. सकाळी उठून काही केलं नाही तर संध्याकाळी चूल पेटत नाही. म्हणून प्रत्येक जण काहीतरी करतोच, मग त्यातून पोट भरो न भरो. बेरोजगार राहून चांगल्या कामाची वाट बघणं ही चैन तिथं परवडत नाही.

आखातातल्या कतारची बेरोजगारी तर ०.१ टक्क्याच्या आसपास दाखवली जाते. तिथं काम करणारे बहुतेक परदेशी आहेत आणि त्यांचं राहणं नोकरीशी बांधलेलं असतं. नोकरी गेली, दुसरी मिळाली नाही, की माणूस मायदेशी परत. कोकणात अशी कित्येक घरं आहेत ज्यांनी हे अनुभवलंय. म्हणजे कतारची बेरोजगारी विमानात बसून रत्नागिरीला किंवा केरळला येते आणि आपल्या छेदात मोजली जाते.

दुसऱ्या टोकाला दक्षिण आफ्रिका. २०२५ च्या सुरुवातीला तिथला दर होता ३२.९ टक्के. जे काम शोधायचं सोडून बसले आहेत त्यांना धरून ते लोक आणखी एक विस्तारित दर काढतात, तो ४३ टक्क्यांच्या वर होता. देशाची परिस्थिती खरोखर गंभीर आहे यात शंका नाही. वर्णभेदाच्या काळात काळ्या लोकांना जमिनीपासून आणि शहरांपासून दूर ठेवलं गेलं, त्याचे परिणाम आजही दिसतात. त्यामुळे आपल्यासारखं घरच्या शेतात हात लावणं किंवा कोपऱ्यावर टपरी टाकणं तिथं तेवढं पसरलेलं नाही. काम नसलं की माणूस थेट बेरोजगार म्हणूनच दिसतो. मग नायजर १ टक्क्याच्या आत आणि दक्षिण आफ्रिका ३३, म्हणून नायजर जास्त समृद्ध का? अजिबात नाही. दक्षिण आफ्रिकेचं दरडोई उत्पन्न नायजरपेक्षा कितीतरी पट जास्त आहे.

कोरोनाचा काळ आठवा. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेचा दर १४.८ टक्क्यांवर उडाला. जर्मनीत मात्र दर थोडासाच वाढला. जर्मनीत कारखाने बंद नव्हते असं नाही. तिथं कामगाराला काढून न टाकता तास कमी करायचे आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी व्यवस्थेने भरायचा, अशी जुनी पद्धत आहे. त्या एप्रिलमध्ये सुमारे ६० लाख कामगार अशा कमी तासांवर होते, पण रोजगारातच मोजले गेले. अमेरिकेत कामगाराला घरी पाठवायचं आणि बेकारी भत्ता द्यायचा, ही रीत. संकट एकच, आकडे वेगळे, कारण व्यवस्था वेगळी.

मग दादांच्या प्रश्नाचं उत्तर काय?

भारत आणि जर्मनी यांच्यातला खरा फरक बेरोजगारीच्या दरात नाही, कामाच्या प्रकारात आहे.

जर्मनीत काम करणाऱ्या दहांपैकी नऊपेक्षा जास्त जण पगारी नोकरीत आहेत. करार आहे, किमान वेतन आहे, विमा आहे. नोकरी गेली तर पात्र माणसाला साधारण वर्षभर आधीच्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के भत्ता मिळतो, मूल असेल तर ६७ टक्के. म्हणून तिथला माणूस खऱ्या अर्थाने बेरोजगार राहू शकतो, योग्य नोकरी शोधू शकतो. आणि तिथली लोकसंख्या म्हातारी होत चालली आहे. तरुण हात कमी पडतात, म्हणून बाहेरून माणसं हवीत.

आपल्याकडे त्याच २०२३-२४ च्या सर्वेक्षणात नियमित पगारावर काम करणारे होते २१.७ टक्के, म्हणजे पाचात साधारण एक. रोजंदारीवर १९.८ टक्के. उरलेले ५८.४ टक्के स्वयंरोजगारात. स्वयंरोजगार म्हटलं की डोळ्यांपुढे उद्योजक येतो. पण त्यात घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी मदत करणारेही आले. काम करणाऱ्या एकूण लोकांत हे बिनपगारी मदतनीस १९.४ टक्के आहेत. म्हणजे "रोजगारात" असलेल्या जवळजवळ दर पाच माणसांपैकी एकाला स्वतःच्या हातात पगार म्हणून काही मिळतच नाही.

आता वय आणि शिक्षण बघा. एकूण दर ३.२ टक्के, पण १५ ते २९ वयातल्या तरुणांचा १०.२ टक्के. पदवीधरांचा तर त्याहून जास्त, १३ टक्क्यांच्या आसपास. आणि निरक्षरांचा? एक टक्क्याहून कमी. शिकल्याने बेरोजगारी वाढते, असा चुकीचा अर्थ यातून काढू नका. निरक्षर गरीब माणसाला वाट बघणं परवडत नाही, तो मिळेल त्या कामाला जातो. पदवीधराच्या घरात थोडा आधार असतो, शिवाय शिक्षणाच्या तोडीचं काम मिळावं ही रास्त अपेक्षा असते. म्हणून तो शोधत राहतो आणि म्हणून तो मोजला जातो. मी शिक्षिका आहे, "शिकून काय फायदा" हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. हे वाक्य बोलणाऱ्या प्रत्येक पालकाला मला ही गोष्ट सांगायची आहे. दोष मुलाच्या शिकण्याचा नाही, त्या शिक्षणाला साजेशी कामं पुरेशी नाहीत हा आहे.

मी हे सगळं दादांना पुढच्या शनिवारी सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मी विचारलं, "थोरला दिवसभर काय करतो?"

"काय न्हाई. म्हशीचं बघतो, धार काढतो, डेअरीला दूध घालतो. पाणी धरायला जातो. बाकी फॉर्म भरत असतो."

"दादा, सरकारी मोजणीत तो कामावर आहे."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हंजे त्या तीन टक्क्यांत आमचा पोरगा न्हाईच?"

"बहुतेक नाही."

थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "मग त्याला मी घरी बसलाय, घरी बसलाय म्हणत होतो, ते बी चुकलंच की."

खरं सांगते, या दुसऱ्या वाक्याचा मी विचारच केला नव्हता. आकड्यात त्या मुलाची बेरोजगारी दिसत नाही, आणि घरात त्याचं काम दिसत नाही. दोन्हीकडून तोच हरतो.

"आई काय करते?" "काही नाही."

हीच गोष्ट बायकांची. दरवर्षी जूनमध्ये आपण मुलांची माहिती भरून घेतो. आईच्या व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक मुलं "काही नाही" किंवा "घरकाम" लिहितात. आणि हीच आई सकाळी खुरपायला जाते, दुपारी शेण-गोठा बघते, संध्याकाळी शिलाई मशीनवर बसते.

देशाच्या आकड्यातही बायकांचा हिशोब असाच हलतो. २०१७-१८ साली १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के श्रमशक्तीत होत्या. २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. सहा वर्षांत एवढी वाढ! याचा अर्थ काय यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. काही म्हणतात, संधी वाढल्या, गॅस आणि नळ आल्याने वेळ वाचला, आणि आधी न मोजलेलं काम आता मोजलं जातंय. काही म्हणतात, घर चालेना म्हणून बायकांना घरच्या शेतात, घरच्या धंद्यात जास्त राबावं लागतंय, आणि वाढ मुख्यतः तिथंच आहे. मला दोन्हीत तथ्य वाटतं. पण एक नक्की, नुसत्या बेरोजगारीच्या दराकडे बघत बसलो असतो तर एवढा मोठा बदल आपल्याला दिसलाच नसता. तो तिसऱ्या डब्यातून पहिल्या डब्यात झालेला बदल आहे.

तर काय करायचं?

काही जण म्हणतील, मग हा दर बिनकामाचाच आहे. नाही, माझं म्हणणं तसं नाही. एकाच देशात, एकाच व्याख्येने, वर्षानुवर्षं मोजलेला दर खूप काही सांगतो. स्पेनचा दर २०१३ साली २६ टक्क्यांच्या आसपास होता, २०२४ मध्ये तो ११ टक्क्यांच्या आसपास आला. व्याख्या तीच, म्हणून ही सुधारणा खरी. भारताचा नेहमीच्या स्थितीचा दर २०१७-१८ मध्ये ६ टक्के होता, तो ३.२ वर आला, हेही नाकारण्यासारखं नाही. थर्मामीटर ताप दाखवतो, हाड मोडलंय का ते दाखवत नाही. म्हणून आपण थर्मामीटर फेकून देत नाही.

म्हणून यापुढे देशांची तुलना करणारा मेसेज आला की तो पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारा.

१. आकडा कुठल्या वर्षाचा, आणि मोजणी आठवड्याची की वर्षाची?

२. कोणत्या वयाच्या लोकांचा? अमेरिका १६ वर्षांपासून मोजते, आपण १५ पासून.

३. श्रमशक्तीबाहेर किती जण आहेत? म्हणजे तिसरा डबा केवढा?

४. जे कामावर आहेत ते कसल्या कामावर आहेत? पगार, करार, सुट्टी यातलं काय आहे?

शिक्षक मित्रांनो, शेकडेवारीच्या पाठाला हा विषय छान जोडता येतो. मी वर्गात असं केलं. मुलांना सांगितलं, "गेल्या आठवड्यात तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी कोणकोणतं काम केलं, त्याची यादी करून आणा. पैसे मिळाले की नाही ते महत्त्वाचं नाही." "तुमच्या घरात बेरोजगार कोण आहे?" असं मात्र चुकूनही विचारू नका. एखाद्या लेकराच्या मनाला ते लागतं. आलेल्या याद्यांवरून आम्ही फळ्यावर तीन डबे काढले. मग आधी फक्त पगारी कामं धरून शेकडेवारी काढली, नंतर घरच्या शेतातलं काम धरून काढली. एकाच वर्गाची दोन उत्तरं आली. एका मुलाने विचारलं, "मग खरं उत्तर कुठलं, मॅडम?" मी म्हटलं, "दोन्ही. फक्त आपण काय मोजलं ते उत्तराच्या शेजारी लिहायचं."

आणि पालकांनो, तुम्हाला एकच विनंती. टीव्हीवर किंवा मोबाईलवर ३ टक्के वाचून घरातल्या पदवीधर मुलाला "सगळ्यांना लागतात नोकऱ्या, तुलाच का नाही" असं म्हणू नका. तो आकडा त्याच्याविषयी नाही. मी तशी आठ वर्षं काढली आहेत, म्हणून सांगते.

त्या दादांच्या मुलीने परवा वहीत आईचा व्यवसाय लिहून आणला : "शेती, दोन म्हशी, शिलाई आणि घर." आणि त्याखाली, मी न सांगता, "दादा (भाऊ) – दूध, पाणी धरणे आणि अभ्यास." मी त्यावर बरोबरची खूण केली.